वहिवाट

खानापूरच्या कचेरीसमोर, पत्र्याखाली माझं टेबल.
जुने मराठी दस्त कन्नडात उतरवते.
पानाला साठ रुपये,
मोडी असेल तर दीडशे आणि वर चहा.

सोमवारी इराप्पा मडिवाळ कागद घेऊन आला,
साबणाच्या पिशवीत घडी घातलेला.
सन एकोणीसशे एकतीस. शाई विटकरी झालेली.
कामाची ओळ एकच:
'घाटाकडील पायरस्ता, मडवळांची वहिवाट पूर्वापार.'

घाट सरळ पलीकडे गेला.
पूर्वापारही हिंदकळत का होईना, पोचलं.
वहिवाट तेवढी उंबऱ्यावर बसून राहिली.

तसा कन्नडात वहिवाटु आहे की.
गुळाच्या अडतीवर आहे, बँकेत आहे.
'ई वर्स वहिवाटु हेंग ऐती?'
म्हणजे धंदा, उलाढाल, देणंघेणं.
आपलाच शब्द,
नदी ओलांडली आणि दुकान टाकून बसला.
(की त्यांचाच, आणि आपल्याकडे उधारीवर?
मी कधी खोलात गेले नाही.)

परशराम कुप्पटगिरीकराच्या वकिलानं नेमका तोच धरला:
मडिवाळाचा मुलगा बेळगावात लाँड्री चालवतो,
घाटावर आता कोण धुतंय?
धंदा नाही तर वहिवाटु नाही,
वहिवाटु नाही तर रस्ता कुठला?
रस्ता तर परशरामनं उन्हाळ्यातच नांगरून
भातात घेतलेला.

रात्री मी शब्द उशाशी घेऊन झोपले.
आमच्या गावात यंदा रवळनाथाची वहिवाट हलगेकरांकडे:
तेल, वाती, पेटीचा हिशेब,
समईतलं तूप चाटणारे उंदीर
आणि वर्षभर सगळ्यांच्या शिव्या.
ती वहिवाट म्हणजे कारभार.
त्याला आडळित लिहावं, तर सरकार आल्यासारखं वाटतं.
निर्वहणे लिहावं,
तर कौलांच्या कारखान्यावरची ती पाटी आठवते,
जिच्याखालून माझा भाऊ रोज आत जायचा
आणि म्हणायचा, वर निर्वहणे, खाली आमचा निर्वाह.
वाडिके जवळ येतं. पण वाडिकेला पाय नाहीत.

माझे मास्तर फोड करून सांगायचे:
वही आणि वाट.
कागदावरचं एक, जमिनीवरचं एक,
दोन्ही जुळलं तर हक्क.
व्युत्पत्ती चुकीची आहे, मला ठाऊक आहे,
हि ऱ्हस्व आहे.
तरी बावीस वर्षं मी तिच्यावरच पोट भरतेय.

श्रावणात जागेची पाहणी झाली.
सर्व्हेअर, दोन वकील, छत्री धरलेला शिपाई,
आणि मी, कारण कागद माझ्या हातचा.
भात पोटरीला आलेलं, एकसारखं हिरवं.
परशराम हसत होता. 'दाखवा की रस्ता, कुठं हाय?'
इराप्पा नुसताच बोट करत राहिला.

तेवढ्यात त्याचं म्हातारं गाढव,
काम सुटून तीन वर्षं झालेलं,
पाठीवर काही नसताना
वाकलेलंच चालणारं,
बांधावरून भातात उतरलं.
कुणी हाकललं नाही.
ना डावीकडे तोंड घातलं, ना उजवीकडे.
मधल्या दगडापाशी थोडं वळलं,
जिथं दगड आता नव्हताच,
आणि मलप्रभेच्या पाण्याशी जाऊन उभं राहिलं.
सर्व्हेअरनं नकाशा उलटा धरलेला, तो सुलटा केला.

परशराम म्हणाला, 'गाढवाची साक्ष घेता व्हय?'
सगळे हसले. इराप्पाही हसला.
पण भाताकडे वाकून बघितलं, तर
गाढव गेलं त्या रेघेवरची रोपं
पहिल्यापासूनच वीतभर बुटकी होती.
नांगरानं माती उलटली होती,
खालचं सगळं तसंच घट्ट.

संध्याकाळी टेबलाशी आले.
इराप्पा मागोमाग.
'अक्का, शेवटी काय लिवलीस गे?'

वहिवाट, तशीच, कन्नड अक्षरांत.
शेवटचा उकार मी लावला नाही.
आणि समासात बारीक टीप:
अर्थ जागेवर पाहावा.

निकाल अजून यायचाय. पुढची तारीख दिवाळीनंतर.
समासाचे पैसे मी धरत नाही.